अकरा फोन

माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला दोन माणसं लागतात, एक शिडीवर आणि एक खाली. आमच्या घरी वर बाबा आणि खाली मी, ही वाटणी मी शाळेत असल्यापासूनची. २०२२ साली बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून चवथीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच मी शिडीवर चढले. बाबा खालून एकेक जिन्नस हातात देत होते. सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड, तोरिंग, चिबूड. केवणीच्या सालीचा दोर दोन वेढे घेऊन आवळायचा, मग वजन सोडून बघायचं आणि मगच पुढची गाठ. गाठ अर्ध्यावर आली की कमरेला खोचलेला फोन वाजायचा. एका हाताने नारळाची पेंड धरून मी दुसऱ्या हाताने फोन घ्यायचे. बाबा काही बोलले नाहीत. शिडी घट्ट धरून वर बघत उभे राहिले.

रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी मोजले. लॅबमधून अकरा फोन आले होते. कोणी काय विचारलं ते वहीत लिहून काढलं आणि मग बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. अकरांपैकी नऊ प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्याला माहीत होती. यंत्रात कुठला कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, लावायचा, हे तीन वर्षं तोच कॉलम लावणारा मुलगा मला विचारत होता.

मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करते. अकरा वर्षं अॅनालिस्ट होते, २०२१ च्या जूनमध्ये सेक्शन हेड झाले. माझा हात चांगला आहे, म्हणून ही जागा मिळाली. एचपीएलसीचा, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, ग्राफ बघून पंपात हवा अडकली आहे की मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारं द्रावण, चुकलंय ते मला सांगता येतं. माणसाकडे बघून मात्र तो कशात अडकलाय ते सांगता येत नव्हतं, आणि ते कोणी शिकवलंही नव्हतं. शुक्रवारी मी अॅनालिस्ट म्हणून घरी गेले आणि सोमवारी चौदा माणसांची मॅडम म्हणून परत आले. मधल्या दोन दिवसांत बदललं होतं ते फक्त ओळखपत्र.

मग मला जे येत होतं तेच मी जास्त करू लागले. कोणाचा निकाल मर्यादेबाहेर गेला की त्याचा तपास मी लिहायची. कोणाचा ग्राफ वाकडा आला की त्याच्या खुर्चीवर मी बसायची. ऑडिटची तारीख लागली की लॉगबुकं मी घरी आणायची. फोंड्याहून कंपनीची बस सकाळी निघते, बोरीचा पूल, लोटली, मग वेर्णा. पहिल्या काही महिन्यांनी त्या पुलावरून जुवारीकडे बघणंही सुटलं. मान खाली आणि फोनमध्ये कालचे निकाल.

दुसऱ्या वर्षात जे सुरू झालं त्याला तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता. झोप होऊनही थकवा जात नसे. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येई. 'मॅडम' अशी हाक आली की मानेचे स्नायू ताठायचे. आणि एक गोष्ट, जी लिहिताना आजही जड जाते: एका मुलाने आईला इस्पितळात दाखल केल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो रात्रपाळीला आता कोण, हा. त्याच्या आईचं काय झालंय, हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. मी अशी नव्हते.

चवथ झाल्यावरच्या एका शनिवारी मी पणजीला पाटोवर गेले, मध्यवर्ती ग्रंथालयात. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. आता त्याला कृष्णदास शामांचं नाव आहे. सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र लिहिणारा हा माणूस केळशीचा, म्हणजे आमच्या वेर्ण्यापासून फार लांबचा नव्हे. कॉलेजात असताना मी तिथे कादंबऱ्या वाचायला जायचे. या वेळी व्यवस्थापनाच्या कपाटापुढे उभी राहिले.

नव्याने साहेब झालेल्या माणसासाठी पुस्तकं ढिगाने आहेत, आणि त्यांतली बरीचशी थकलेल्या माणसाच्या हातात देऊ नयेत अशी आहेत, असं माझं स्पष्ट मत झालंय. पहाटे पाचला उठा, रोज स्वतःला थोडं अधिक ताणा, इतरांपेक्षा एक पाऊल पुढे राहा. मी आधीच साडेपाचला उठत होते. अशी दोन पुस्तकं मी वाचली आणि दोन्ही वेळा मिटताना वाटलं की कमी पडतेय ती मीच. खचलेल्या माणसाला पुस्तकाने आणखी दोषी वाटायला लावलं, तर ते पुस्तक त्याच्या कामाचं नाही. ते कितीही खपलेलं असो.

मला पहिला श्वास घेता आला तो एका लेखाने. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांनी १९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलेला, माकडांचा म्हणून ओळखला जाणारा लेख. पुढे १९८९ मध्ये केनेथ ब्लँचर्ड यांच्यासोबत त्याचं छोटं पुस्तकही झालं. गोष्ट साधी. साहेब व्हरांड्यातून चाललाय. हाताखालचा माणूस भेटतो, म्हणतो, जरा अडचण आहे. साहेबाला त्यात लक्ष घालण्याइतकं कळतं, जागच्या जागी निर्णय देण्याइतकं कळत नाही. तो म्हणतो, बघतो मी. त्या क्षणापर्यंत माकड हाताखालच्याच्या पाठीवर होतं, आता ते साहेबाच्या पाठीवर आलं. आठवडाभर अशी माकडं गोळा होतात. शनिवारी साहेब ती खाऊपिऊ घालायला ऑफिसात येतो आणि खिडकीतून बघतो, तर त्याची माणसं शेजारच्या मैदानावर गोल्फ खेळताहेत.

गोल्फचं सोडा. पण 'मॅडम, जरा बघता?' आणि 'ठेव, मी बघते' ही दोन वाक्यं आमच्या लॅबमध्ये दिवसातून कितीदा होत होती ते मला माहीत होतं. माझी कल्पना अशी की मी त्यांना सांभाळून घेतेय. लेख वाचून कळलं की मी त्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेत होते. आणि ज्याच्याकडून काम काढून घेतलं जातं, तो हळूहळू विचारल्याशिवाय कॉलमही लावत नाही. अकरा फोन असे तयार झाले होते, माझ्याच हातांनी.

पण माकड परत द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे मी चुकले. पहिल्या उत्साहात सगळ्यांना सांगून टाकलं की यापुढे आपापलं बघा. दोन आठवड्यांत एक नवा मुलगा रडकुंडीला आला आणि एका बॅचचा निकाल दोन दिवस लांबला. तो मुलगा त्या पद्धतीला अगदीच नवा होता. त्याला मी पाण्यात ढकलून दिलं होतं.

तिथे अँड्र्यू ग्रोव्ह यांचं पुस्तक उपयोगी पडलं. इंटेल कंपनी उभी करणाऱ्यांपैकी हे एक. 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' १९८३ चं आहे, सुरुवात होते ती चक्क न्याहारीच्या टेबलावर: तीन मिनिटं उकडलेलं अंडं, टोस्ट आणि कॉफी एकाच वेळी गरम कशी पोचवायची. अंडं नासकं आहे हे कधी कळलेलं बरं? गिऱ्हाइकाने फोडल्यावर, उकडून झाल्यावर, की अंडी दारात येतात तेव्हा? जितकं आधी, तितकं नुकसान कमी. हे तर माझंच शास्त्र. कच्चा माल तपासूनच आत घ्यायचा, हे मी रोज करते. माणसाच्या कामाला ते लावायचं मला सुचलं नव्हतं. मी निकाल हातात आल्यावर चूक शोधायची आणि मग रात्री नऊपर्यंत बसायची. आता सकाळी दहा मिनिटं, आज काय करणार, कसं करणार, एवढंच प्रत्येकाकडून ऐकते. कच्चा आराखडा ऐकतानाच अंडं नासकं आहे की ताजं ते कळतं.

ग्रोव्ह यांचं दुसरं म्हणणं मला त्याहून मोलाचं वाटतं. माणसाला किती मोकळं सोडायचं हे माणसावर ठरत नाही, त्या माणसाला ते विशिष्ट काम किती येतं यावर ठरतं. आमच्याकडे एकजण आहेत, डिसोल्युशनमध्ये, म्हणजे गोळी कशी विरघळते ते तपासण्यात, त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांना गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे वेगळ्याच यंत्रावर, टाकलं तेव्हा मी त्यांना ज्येष्ठ म्हणून काहीच सांगितलं नाही आणि ते मान म्हणून विचारायला आले नाहीत. दोघांचाही महिना वाया गेला. त्या कामापुरते ते नवशिके होते, आणि नवशिक्याला पायरी पायरीने सांगावं लागतं, मग तो पन्नाशीचा का असेना. काम दिलं आणि मागे वळून पाहिलं नाही, तर ते सोपवणं नव्हे, टाकून देणं झालं, हेही ग्रोव्ह बजावतात. त्या रडकुंडीला आलेल्या मुलाची मी माफी मागितली.

हे सगळं मी एका संध्याकाळी बाबांना सांगत होते. बाबा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर रोज दिवेलागणीनंतर दासबोधाचा एक समास वाचतात. दोनशे समास, संपले की परत पहिल्यापासून. माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकोणिसावा दशक काढला आणि बोट ठेवलं:

जितुके काही आपणासी ठावे।
तितुके हळुहळु सिकवावे।
शाहाणे करूनि सोडावे।
बहुत जन॥

ही ओवी मला पाठ होती. शाळेच्या भिंतीवर लिहिलेली असायची. बाबांनी फक्त 'हळुहळु'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मास्तरकीत माझी पहिली पाच वर्षं हा शब्द न कळल्याने गेली गो." मी मात्र दुसऱ्याच शब्दावर अडकले होते. 'करूनि सोडावे' म्हणजे करून टाकावं, पुरतं करावं, हे मला कळतं. तरी त्या दिवशी मला त्यात 'सोडावे' वेगळं ऐकू आलं. शहाणं करायचं आणि सोडायचं. मी शिकवतही नव्हते आणि सोडतही नव्हते. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या ओवीत ग्रोव्ह आणि ऑन्केन दोघेही येऊन बसतात, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं. आज ते वाक्य मला थोडं जास्त वाटतं, पण खोडलेलं नाही.

सोडणं प्रत्यक्षात कसं असतं, ते एका दुपारी कळलं. मूळची साखळीची, मडगावात खोली घेऊन राहणारी एक मुलगी आमच्याकडे आहे. तिच्या एचपीएलसीचं प्रेशर चढत होतं. ती माझ्याकडे वळली. प्रेशर कशामुळे चढतंय ते मला आवाजावरूनच कळलं होतं. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हांव करतां." तिने आधी कॉलम काढला आणि पंप नुसता चालवून पाहिला. प्रेशर खाली आलं, म्हणजे पंप ठीक. कॉलम परत लावला आणि त्याच्या पुढचा छोटा गार्ड कॉलम काढला. प्रेशर पुन्हा खाली. तोच तुंबला होता. मग ती थांबली, मोबाइल फेजची बाटली उजेडात धरली, तिची वही उलटली, आणि सकाळी घाईत त्यातला बफर, म्हणजे क्षाराचं द्रावण, गाळायचा राहिला होता हे तिनेच शोधून काढलं. चाळीस मिनिटं गेली. मी केलं असतं तर सात लागली असती. ती चाळीस मिनिटं मी पाठीमागे हात बांधून उभी होते आणि तळहातांना घाम आला होता. लॉगबुकात नोंद तिने केली, चुकीसकट. त्यानंतर प्रेशरसाठी तिने मला कधी बोलावलं नाही. पुढच्या महिन्यात ती शेजारच्या टेबलावरच्या मुलाला तेच दाखवत होती आणि दाखवताना तिचेही हात पाठीमागे होते.

पाळी बदलतानाचं मात्र मी पुस्तकातून घेतलेलं नाही. लहानपणी श्रावणात मावशीकडे वास्कोला जायचो, दामोदराच्या सप्ताहाला. चोवीस तास अखंड भजन. मला तेव्हा वाटायचं, ही माणसं चोवीस तास गातात कशी? मावशीने दाखवलं होतं: नवे लोक येऊन बसतात, टाळ हातात घेतात, चालू अभंगात आवाज मिसळतात, आणि मग जुने उठतात. भजन तुटत नाही आणि कोणाचा घसाही बसत नाही. आमच्या लॅबमध्ये दुसरी पाळी यायची आणि पहिली दारातून जाता जाता दोन वाक्यं टाकायची. उरलेलं सगळं माझ्या फोनवर यायचं. आता पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकाच टेबलाशी असतात आणि चालू काम चालू असतानाच हातात देतात. माझे रात्रीचे फोन जे कमी झाले, ते मुख्यतः या पंधरा मिनिटांनी.

थकव्याबद्दलची पुस्तकं मी नंतर वाचली, आधी वाचायला धीर झाला नाही. 'बर्नआउट' हा शब्द या अर्थाने रूढ करणारे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर न्यूयॉर्कमध्ये मानसोपचार करायचे. दिवसा स्वतःचं काम आणि रात्री गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात सेवा. तिथल्या स्वयंसेवकांचं आणि स्वतःचंही काय होतंय ते पाहून त्यांनी १९७४ मध्ये लेख लिहिला. माकडांचा लेखही त्याच वर्षीचा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. जीव ओतून काम करणारेच आधी विझतात, असं त्यांचं निरीक्षण. १९८० च्या पुस्तकात त्यांनी जळून गेलेल्या इमारतीची उपमा दिली आहे: बाहेरून भिंती उभ्या, आत काही नाही. मला आमच्या वाटेवरचं लोटलीचं एक घर आठवलं. पुढचा बल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), खांब, कमानी शाबूत. छप्पर केव्हाच आत कोसळलंय आणि दिवाणखान्यातून झाड वर आलंय. बसमधून जाताना ते घर अजूनही भरलेलं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी या थकव्याची तीन अंगं सांगितली: शीण, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. दुसरं वाचताना मी पुस्तक मिटलं. तो मुलगा, त्याची आई, आणि माझा रात्रपाळीचा विचार. त्याला नाव होतं. मी वाईट झाले नव्हते, मी संपत आले होते. ही जाणीव कुठल्याही सुट्टीपेक्षा जास्त विसावा देऊन गेली.

एमिली आणि अमेलिया नागोस्की या जुळ्या बहिणींच्या २०१९ च्या पुस्तकातलं एक मी रोज पाळते. ताणाचं कारण संपलं तरी शरीरातला ताण आपोआप संपत नाही, तो शरीरानेच उतरवावा लागतो. ऑडिट संपलं हे मला कळतं, माझ्या खांद्यांना कळत नाही. म्हणून बसमधून उतरल्यावर नागेशीच्या तळीभोवती चालते. फोन पिशवीत.

पण एवढ्यावर थांबले असते तर मी खोटं लिहिलं असतं. मॅस्लॅक आणि मायकेल लीटर यांचं २०२२ चं पुस्तक कोळशाच्या खाणीतल्या कॅनरी पक्ष्यांनी सुरू होतं. विषारी वायूने पक्षी आधी मरायचा, म्हणून खाणकामगार तो बरोबर नेत. पक्ष्याला अधिक कणखर करून काय होणार, खाणीतली हवा बघायला हवी, हे त्यांचं म्हणणं. ती हवाही त्यांनी फोडून दाखवली आहे: कामाचा भार, त्यावरचा ताबा, मिळणारी पावती, सोबतीची माणसं, न्याय, मूल्यं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलेली घटना म्हटलंय. मी माकडं परत दिली, हळूहळू शिकवलं, चालायला लागले. तरीही माझ्या शेजारच्या सेक्शनची प्रमुख गेल्या वर्षी राजीनामा देऊन गेली. ती माझ्यापेक्षा जास्त वाचायची. तिच्याकडे नऊ माणसांचं काम सहा माणसं करत होती, आणि कुठलंही पुस्तक सहाचे नऊ करत नाही.

ती गेल्यावर मी तीन आठवडे वही ठेवली. कुठला तास कशात जातो, फक्त नोंद, काही सुधारायचं नाही. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांचा हा सल्ला साठच्या दशकातला आहे: आधी वेळ जातो कुठे ते लिहा, नियोजन नंतर. माझ्यानंतर बाकीच्यांनीही आपणहून लिहिलं. त्या नोंदींवरून दिसलं की आमच्याकडे दोन माणसं कमी आहेत. 'दमलो आहोत' हे मी याआधी वर तीनदा सांगितलं होतं. या वेळी तास सांगितले. एक जागा मंजूर झाली.

दुसरी अजून झालेली नाही. या महिन्याच्या बैठकीत ती पुन्हा मांडायची आहे. त्याचा कागद साखळीच्या त्या मुलीने तयार केलाय. काल तिने तो माझ्या टेबलावर ठेवला. दोन ठिकाणी मी वेगळं लिहिलं असतं. पेन हातात घेतलं होतं. मग टोपण लावून ठेवलं, आणि तिला विचारलं, बैठकीत बोलायला तू येशील ना?